वाईनच्या द्राक्षाची सेंद्रिय बाग आणि तिची वाईन: दोन एकरांच्या घरच्या शेतीसाठी

खायची द्राक्षं सेंद्रिय पद्धतीने पिकवताना शेतकरी जिथे अडतो, त्यातल्या बऱ्याच अडचणी वाईनच्या द्राक्षात येतच नाहीत. थॉम्पसन या खायच्या जातीचा मणी फुगवायचा तर जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक लागतं, घड मोकळा करायला पुन्हा तेच लागतं, आणि मण्यावर औषधाचा एक डागही व्यापाऱ्याला चालत नाही. वाईनला याच्या उलट माल हवा असतो. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, त्यामुळे मणी जितका बारीक तितकं रसाच्या मानाने साल जास्त. एकरी दहा-बारा टनांचा हव्यासही इथे उपयोगाचा नाही, तीन-चार टनांत चांगली वाईन होते. माल कमी म्हणजे पानांची गर्दी कमी, हवा खेळती, आणि रोगही कमी. म्हणून ज्यांना द्राक्ष सेंद्रियच करायचं आहे, त्यांनी वाईनच्या जातींचा विचार आधी करावा असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं नाशिक जिल्ह्यातल्या, विशेषतः दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या हवामानाला धरून लिहिलं आहे. सांगली-सोलापूरकडच्यांनी छाटणीच्या तारखा आपल्या पावसाप्रमाणे बदलाव्यात.

लावणीआधी गिऱ्हाईक आणि कागद

वाईनचं द्राक्ष बाजार समितीत विकलं जात नाही. त्याचं गिऱ्हाईक एकच, वायनरी. त्यामुळे रोपं आणण्याआधी कोणत्या जातीला, किती ब्रिक्सला (म्हणजे रसात किती टक्के साखर असताना), काय दराने आणि किती वर्षांसाठी माल घेणार, हे लेखी ठरवून घ्या. सेंद्रिय मालाला वेगळा दर मिळणार का, हेही त्याच करारात आलं पाहिजे.

स्वतः वाईन करायची असेल तर आणखी एक गोष्ट स्पष्ट हवी. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी वाईन आंबवणं गुन्हा आहे, मग ती घरच्या पाहुण्यांसाठी का असेना. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वायनरींना सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क उभे राहिले, तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हातात आल्याशिवाय काहीही करता येत नाही. दोन एकरवाल्याला स्वतःची वायनरी उभारणं जड जातं. एखाद्या परवानाधारक वायनरीशी करार करून, आपल्याच द्राक्षाचा वेगळा लॉट तिथे आपल्या देखरेखीखाली करून घेणं जास्त झेपतं. हा करार नियमात कसा बसवायचा हे वायनरीकडून आणि उत्पादन शुल्क कार्यालयातून आधी तपासून घ्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींची गोष्ट वेगळी. तिथे दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाईन स्वतःसाठी करायला केंद्रीय कायद्याची परवानगी आहे, विकायला मात्र नाही.

प्रमाणपत्राचंही आधीच ठरवा. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षांचा रूपांतर काळ आहे. त्या काळात सगळं सेंद्रियच करायचं, पण माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. आणि बाटलीवर सेंद्रिय लिहायचं तर नुसती बाग प्रमाणित असून भागत नाही, वायनरीतली प्रक्रियाही प्रमाणित असावी लागते. ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते.

जमीन, खुंट, जात

निचऱ्याची, मुरमाड, हलकी ते मध्यम जमीन घ्या. भारी काळ्या जमिनीत वेल माजतो, पानं एकमेकांवर चढतात आणि सेंद्रिय औषधं त्या गर्दीत आत पोचत नाहीत. माती आणि पाणी दोन्हींचं परीक्षण करा. चुनखडी आणि पाण्यातले क्षार किती आहेत त्यावर खुंट, म्हणजे ज्या मुळांवर आपल्या जातीचं कलम भरायचं ते रोप, ठरतो.

खुंटाची निवड वाईनमध्ये बाटलीपर्यंत पोचते. डॉगरिज हा खुंट क्षाराला आणि पाण्याच्या ताणाला टिकतो म्हणून सर्रास लावतात, पण तो फार जोमदार आहे आणि पोटॅश भरपूर उचलतो. पोटॅश मण्यात जास्त गेलं की रसाचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, आम्ल कमी तसा हा जास्त) चढतो, आणि पीएच चढलेली वाईन सांभाळायला कठीण. पाणी बरं असेल तर ११० आर हा खुंट घ्यावा.

तांबड्यात शिराझ आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉन, पांढऱ्यात शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ या इथे रुळलेल्या जाती. सेंद्रियसाठी मी कॅबर्नेला पहिलं स्थान देईन. घड सुटा, मणी लहान, साल जाड, त्यामुळे कूज कमी. भुरीला, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीरोगाला, मात्र तो नाजूक आहे. शेनिन आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँचे घड गच्च असतात, अवकाळी पाऊस आला की घडाच्या पोटात कूज सुरू होते आणि बाहेरून दिसतही नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेली एआरआय ५१६ ही जात बुरशीजन्य रोगांना बरीच टिकते. तिचा रस चांगला होतो आणि तांबडी वाईनही होते, पण वायनरी घेणार का हे विचारल्याशिवाय लावू नका.

अंतर ८ × ४ फूट धरलं तर एकरी साधारण १३६० वेली बसतात. ओळी उत्तर-दक्षिण ठेवा. मांडव नको. तारांवर फुटी सरळ वर नेणारी उभी वळण पद्धत घ्या, म्हणजे घड एका पट्ट्यात येतात आणि हवा आरपार जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटरोपं लावायची, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरायचं, पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत रिकट घेऊन, म्हणजे वेल पुन्हा खाली छाटून, खोड आणि ओलांडे (तारेवरच्या आडव्या कायम फांद्या) तयार करायचे, आणि त्या ऑक्टोबरात पहिली फळछाटणी.

शेजारी कीटकनाशकं मारणारी बाग असेल तर बांधावर शेवरी, गिरिपुष्प किंवा हत्तीगवताची दाट भिंत उभी करा. ब्लोअरचा फवारा वाऱ्यावर सहज दोन ओळी आत येतो. त्या कडेच्या ओळींचा माल वेगळा तोडून वेगळा विकायचा आणि तशी नोंद ठेवायची. शेजाऱ्याला फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगून ठेवा. भिंतीइतकाच उपयोग या फोनचा होतो.

एप्रिलची खरड छाटणी

या छाटणीत माल नाही, पण पुढचा माल इथेच ठरतो. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान काडीच्या डोळ्यात घड घडत असतो आणि त्या काळात काडीवर ऊन पडलं पाहिजे. म्हणून फेलफुटी (नको असलेल्या फुटी) लवकर काढा, पानांच्या बगलेतून येणाऱ्या बगलफुटी खुडा, गर्दी होऊ देऊ नका. छाटलेल्या काड्या बारीक करून बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंच वरंब्यावर) आच्छादन म्हणून टाका, पण त्यात करप्याच्या किंवा खोडकिड्याच्या काड्या असतील तर त्या बागेबाहेर न्या.

छाटणी झाली की खोड-ओलांड्यावरची सुटी साल खरवडून काढायची. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, त्याच सालीखाली बसलेला असतो. सेंद्रिय बागेत त्याच्यावरचा इतका खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही. नंतर क्रिप्टोलेमस हे मित्रभुंगेरे सोडता येतात. पण मुंग्या असतील तर त्या मिलीबगला राखतात आणि भुंगेऱ्यांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून आधी खोडावर चिकट पट्ट्या लावून मुंग्यांची वाट अडवा.

पावसाळ्यात ओळींच्या मध्ये ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलोऱ्याआधी कापून तिथेच पाडा. चांगलं कुजलेलं शेणखत आणि जीवामृताची स्लरी एवढ्यावर वाईनची बाग व्यवस्थित चालते. नत्र जास्त झालं की शेंडा थांबत नाही आणि भुरीला आयतं घर मिळतं. देठ परीक्षण करून मगच खत वाढवा.

ऑक्टोबर छाटणी, आणि डोळे फुटण्याचा प्रश्न

सेंद्रिय द्राक्षात खरी परीक्षा इथे आहे. आपल्याकडे थंडीत वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून डोळे सारखे फुटावेत यासाठी सगळे हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. सेंद्रियमध्ये ती चालत नाही. मग करायचं काय? छाटणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडायचं आणि पानं हाताने काढायची. पान गेलं की डोळा फुगायला लागतो. काडी दोन-तीन डोळ्यांवर आखूड छाटायची, कारण लांब काडीवर शेंड्याचे डोळे आधी फुटून खालचे दाबतात. लसणाच्या अर्काची पेस्ट थोडी मदत करते, प्रमाणन संस्थेला विचारून वापरा. एवढं करूनही फूट सायनामाइडइतकी एकसारखी येत नाही. घड मागेपुढे पिकतात आणि तोडणी दोन फेऱ्यांत करावी लागते, ती मजुरी आधीच हिशेबात धरा.

तारीख कोणती? लवकर छाटली तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर येतो आणि केवडा हा ओलाव्यातला बुरशीरोग हमखास. उशिरा छाटली तर माल मार्चच्या उन्हात पिकतो आणि आम्ल उतरतं. सेंद्रिय बागेसाठी मी परतीचा पाऊस सरू देऊन, ऑक्टोबरच्या मध्यानंतर छाटणी घ्यायला सांगेन. आम्ल थोडं कमी पडलं तर वायनरीत टार्टारिक ॲसिड घालून सावरता येतं. केवड्याने गेलेला घड परत येत नाही.

तीन-चार पानांपासून मणी सेट होईपर्यंतचा काळ डोळ्यांत तेल घालून बघायचा. पान उलटं करा, खाली पांढरी बुरशी दिसते का पाहा. हातातलं मुख्य हत्यार बोर्डो मिश्रण. १ टक्का म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्ये वेगळं विरघळवा, चुना वेगळा भिजवून गाळा, आणि ढवळत ढवळत मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. मग घासून लखलखीत केलेला विळा त्यात थोडा वेळ धरा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, पानं जळतील, आणखी चुन्याची निवळी घाला. पातं तसंच राहिलं की फवारायला घ्या आणि त्याच दिवशी संपवा.

पण तांबं हिशेबाने वापरायचं. ते मातीतून जात नाही, साचतं, आणि गांडुळांना मारतं. युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, एकरी साधारण १.६ किलो. मोरचुदात तांबं चौथा हिस्सा. एकरी ४०० लिटर १ टक्का बोर्डो मारलं की त्यातून १ किलो तांबं बागेत पडतं. अशा दोन फवारण्यांत वर्षाची मर्यादा ओलांडली जाते! म्हणून १ टक्का फक्त छाटणीनंतर ओलांड्यांवर, तेही कमी पाण्यात. हिरव्या फुटीवर अर्धा टक्का, आणि फक्त पाऊस किंवा दाट दव येणार असेल तेव्हा. मधल्या वेळी ट्रायकोडर्मा आणि बॅसिलस सबटिलिसच्या फवारण्या. त्या बोर्डोबरोबर एका टाकीत मिसळू नका.

भुरीला पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. ऊन ३५ अंशांवर गेलं की मारू नका, पानं करपतात. मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडायला, लागलं की गंधक बंद करा, तोडणीआधी किमान महिना-सव्वा महिना तरी. सालीवर राहिलेलं गंधक आंबताना यीस्ट खातं आणि टाकीतून कुजक्या अंड्याचा वास येतो. त्यानंतर भुरी दिसली तर अँपेलोमायसिस ही भुरीवर जगणारी बुरशी वापरा.

घडाच्या पट्ट्यातली पानं काढायची ती पूर्वेकडचीच. सकाळचं ऊन दव वाळवतं. पश्चिमेकडची पानं राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतात. एका फुटीवर एक घड, फार तर दोन.

तोडणी कधी

पांढऱ्याला २० ते २२ ब्रिक्स, तांबड्याला २२ ते २४. पण एकट्या ब्रिक्सवर तोडू नका. आपल्या उन्हात साखर पटकन चढते आणि चव मागे राहते. वेगवेगळ्या ओळींतून, वेलीच्या दोन्ही बाजूंनी, शंभरेक मणी गोळा करा. एक मणी तोंडात घ्या, रस गिळून साल चावा, मग बी दाताखाली फोडा. बी हिरवी आणि चिकट असेल तर थांबा. तपकिरी होऊन भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरीत फुटली आणि साल चावल्यावर जिभेला खरखरीत ओढ लागली नाही, की तांबडं द्राक्ष तयार आहे. उरलेल्या मण्यांचा रस काढून पीएच मोजा. तांबड्यात ३.६ च्या पुढे जायला लागला तर आणखी वाट बघण्यात फायदा नाही.

पहाटे तोडा, उन्हं चढायच्या आत थांबा. उथळ क्रेट वापरा, मणी चेंगरू नयेत. कुजका घड वेलीवरच बाजूला काढा. वायनरीत घाईत ही निवड नीट होत नाही.

वाईन: एक टन शिराझ धरून

पुढचं सगळं काम परवानाधारक वायनरीतच करायचं. टनाला साधारण ६०० ते ६५० लिटर वाईन मिळते. देठ काढून मणी फोडले की लगदा बिघडू नये म्हणून त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (पुढे नुसतं सल्फाइट) घालायचं. त्यात सल्फर डायऑक्साइड ५७.६ टक्के असतो, म्हणजे किलोमागे ४० मिलिग्रॅम हवा असेल तर टनाला ७० ग्रॅम. कुज असलेल्या मालाला जास्त लागतं, म्हणून वर निवडीवर इतका भर दिला.

पीएच जास्त असेल तर टार्टारिक ॲसिड आत्ताच, आंबायच्या आधी. लिटरला १ ग्रॅमने पीएच साधारण ०.१ उतरतो. पीएचच्या आकड्यावर सेंद्रिय वाईनचं बरंच काही अवलंबून आहे. पीएच ३.४ असताना वाईन राखायला मोकळा सल्फर डायऑक्साइड लिटरला ३२ मिलिग्रॅम पुरतो, ३.७ ला तेच काम करायला ६३ लागतात. युरोपच्या सेंद्रिय नियमात कोरड्या तांबड्या वाईनला एकूण १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पांढरीला १५०. अमेरिकेत तर ‘सेंद्रिय वाईन’ म्हणायचं असेल तर वरून सल्फाइट घालताच येत नाही. पीएच ताब्यात असेल तर कमी सल्फाइटमध्ये निभावतं.

यीस्ट हेक्टोलिटरला (१०० लिटरला) २५ ग्रॅम, म्हणजे टनाला पाव किलो. ३७ ते ४० अंशांच्या अडीच लिटर पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग थोडा थोडा रस घालून त्याचं तापमान लगद्याच्या जवळ आणा. दोन्हींत दहा अंशांपेक्षा जास्त फरक असला की यीस्ट धक्का खातं. नुसत्या रानटी यीस्टवर आंबवण्याचं आकर्षण मी समजू शकतो, पण फेब्रुवारी-मार्चच्या उष्णतेत पहिल्या वर्षी तो धोका पत्करू नये.

तापमान तांबडीला २४ ते २८ अंश, पांढरीला १४ ते १८. नाशिकच्या मार्चमध्ये थंडाव्याची सोय नसेल तर टाकी ३५ पर्यंत जाते, यीस्ट मरतं आणि साखर अर्ध्यात राहते. सालींचा थर वर तरंगतो, तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा, नाहीतर वर वाळून आंबट वास धरतो. दाबताना दर वेळी वास घ्या. कुजक्या अंड्याचा आला तर वाईन हवेशी खेळवत एका टाकीतून दुसरीत घ्या आणि यीस्टला खाद्य द्या, बहुतेक वेळा जातो. खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा. कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, त्याला वास नाही आणि त्याने माणूस दगावतो. एकट्याने टाकीत कधीही उतरू नका.

हायड्रोमीटरने रसाची घनता मोजून नोंद सकाळ-संध्याकाळ लिहा. २३ ब्रिक्सचा रस १.०९६ च्या आसपास सुरू होतो आणि ०.९९५ च्या खाली आला की साखर संपली. अल्कोहोल ब्रिक्सच्या ०.५५ पट धरा, म्हणजे इथे साडेबारा टक्क्यांच्या वर. सात ते दहा दिवसांत चव बघून प्रेस करा. आपोआप निथळलेली वाईन आणि दाबून काढलेली वाईन वेगळी ठेवा. दाबलेली तुरट असते, किती मिसळायची ते पुढे चाखून ठरवता येतं.

दोन-तीन दिवसांनी जाड गाळ सोडून वाईन दुसऱ्या भांड्यात घ्या आणि भांडं तोंडापर्यंत भरा. अर्धवट भरलेल्या टाकीत वाईनचं व्हिनेगर होतं. छोटी बॅच सर्वांत जास्त वेळा इथेच बिघडते, म्हणून लहान-मोठ्या मापाची दोन-तीन भांडी हाताशी हवीत. आता मॅलिक आम्लाचं लॅक्टिकमध्ये रूपांतर होऊ द्यायचं, २० अंशांच्या आसपास, काही आठवडे. ते पूर्ण झाल्याची प्रयोगशाळेतून खात्री झाल्यावरच सल्फाइट घाला, आधी घातलं तर काम मध्येच थांबतं आणि पुढे बाटलीत सुरू होतं. त्यानंतर दर महिन्याला भांडं भरणं, सल्फर डायऑक्साइड मोजणं, दोन-तीन महिन्यांनी गाळावरून काढणं. बाटली भरायच्या आधी साखर, वाष्पशील आम्ल (व्हिनेगरचं आम्ल) आणि सल्फर डायऑक्साइड या तिन्हींचा अहवाल हातात हवा, आणि लेबल अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यपेयांच्या नियमांप्रमाणे.

प्रेसमधून निघालेला चोथा वायनरीत सोडू नका, आपला माल आहे. तो आंबट असतो, म्हणून शेणात मिसळून थोडा चुना भुरभुरा, ओलावा राखा, महिन्यातून दोनदा परता. मार्चमध्ये लावलेला ढीग ऑक्टोबर छाटणीआधी बोदात भरायला तयार होतो. किती किलो चोथा आणला आणि कोणत्या ओळींना घातला, तेही प्रमाणनाच्या वहीत लिहून ठेवा. तपासणीला आलेला निरीक्षक खताचा हिशेब मागतोच.